फोटॉन काउंटिंग सीटी की नेहमीचा सीटी? आधी स्टेंटचा स्टिकर शोधा

मामेभावाचा फोन रात्री साडेनऊला आला. "ताई, पप्पांना सीटी अँजिओ सांगितलीय. इथल्या सेंटरवाले परवा सकाळचीच वेळ देतायत. पण शेजारचे काका म्हणतात, शहरात ते फोटॉन का काय नवीन मशीन आलंय, तिथंच कर. तिकडचा दर दुपटीच्याही वर आहे. काय करू?"

मी उलट विचारलं, "मामांचा स्टेंट किती मिलिमीटरचा आहे?"

पलीकडे शांतता. मग, "ते कुठे लिहिलेलं असतं?"

स्टेंट म्हणजे हृदयाची अडलेली धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, आणि सीटी अँजिओ म्हणजे डाय देऊन सीटीत त्या धमन्या बघणं. स्टेंट बसवल्यावर मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर किंवा प्रोसिजरच्या कागदावर एक छोटा स्टिकर चिकटवलेला असतो. त्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ २.७५ × १८. पहिला व्यास, दुसरा लांबी. कुठल्या मशीनवर जायचं हे ठरवताना मामांच्या बाबतीत हा पहिला आकडा सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त कामाचा. फाइल शोधायला सांगून मी फोन ठेवला. त्यानंतर त्याला जे समजावलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न आता आठवड्यातून एकदा तरी येतो. मी रेडिओलॉजिस्ट आहे. रोजचं वाचन १२८ स्लाइसच्या साध्या मशीनवर करते आणि फोटॉन काउंटिंगच्या प्रतिमाही पाहिल्या आहेत. मला कुठलंच मशीन विकायचं नाही.

दानपेटी तोलायची की मोजायची

देवळाची दानपेटी उघडली की हिशेबाचे दोन मार्ग असतात. सगळी चिल्लर काट्यावर टाकून वजन करायचं, किंवा एकेक नाणं हातात घेऊन कुठलं आहे ते बघून मोजायचं.

आजवरचे जवळपास सगळे सीटी पहिल्या मार्गाने चालतात. शरीरातून आरपार आलेला क्ष-किरण डिटेक्टरमधल्या सिंटिलेटरवर आदळतो, तिथे क्षणभर प्रकाश पडतो, खालचा फोटोडायोड तो प्रकाश टिपून वीज तयार करतो. एका झटक्यात आलेल्या सगळ्या किरणांची मिळून एक बेरीज होते. क्ष-किरणाचा एकेक कण म्हणजे फोटॉन, आणि त्याची ऊर्जा मोजतात केईव्हीत. १०० केईव्हीचा फोटॉन ५० केईव्हीच्या फोटॉनच्या दुप्पट भरतो. म्हणजे जड नाण्यांचं वजन जास्त, हलकी नाणी असून नसल्यासारखी. पंचाईत अशी, की शिरेतून दिलेल्या डायमधलं आयोडीन नेमकं या हलक्या नाण्यांतून उठून दिसतं, कारण आयोडीन ज्या ऊर्जेला क्ष-किरण एकदम जास्त शोषायला लागतं ती ३३.२ केईव्ही, अगदी खालच्या टोकाला आहे. शिवाय काटा रिकामा असतानाही थोडा थरथरतो. तो इलेक्ट्रॉनिक गोंगाट बेरजेत मिसळतो आणि लठ्ठ रुग्णात किंवा फार कमी डोसच्या स्कॅनमध्ये प्रतिमेवर वाळूसारखा पसरतो.

फोटॉन काउंटिंगमध्ये मधला प्रकाशाचा टप्पाच नाही. कॅडमियम टेल्युराइडच्या, जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या स्फटिकावर सुमारे हजार व्होल्टचा दाब दिलेला असतो. फोटॉन आत आला की तिथेच विद्युतभार सुटतो आणि एक ठोका मिळतो. ठोका जेवढा उंच तेवढी त्या फोटॉनची ऊर्जा. साधारण २० ते २५ केईव्हीच्या खालचं काहीही मोजायचंच नाही असं ठरवलेलं असल्यामुळे काट्याची थरथर हिशेबाबाहेर राहते. त्यावर आणखी उंबरठे ठेवून रुपया, दोन रुपये, पाच रुपये असे ढीग लावता येतात.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते, पण माझ्या मते तीच मोठी आहे. जुन्या डिटेक्टरमध्ये एका कप्प्यातला प्रकाश शेजारच्यात जाऊ नये म्हणून मधे भिंती घालाव्या लागतात. भिंतीवर पडलेला किरण वाया. कप्पे लहान केले की भिंती वाढतात, आणि रुग्णाच्या अंगातून गेलेला, म्हणजे त्याने सोसलेला डोस भिंतीतच मुरतो. स्फटिकात भिंती लागत नाहीत. म्हणून कप्पा ०.२ मिमीपर्यंत खाली आणता येतो.

मोजणीतही गफलती होतातच. दोन नाणी एकदम पडली तर एकच मोठं नाणं मोजलं जातं. कप्प्यांच्या सीमेवर पडलेला रुपया फुटून दोन पेट्यांत दोन आठाणे पडतात. सीटीमध्ये किरणांचा पाऊस इतका दाट असतो की हे दोन दोष आटोक्यात आणण्यातच कित्येक वर्षं गेली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये २०१४ च्या सुमारास प्रायोगिक यंत्र चालू झालं. रुग्णांसाठी विकता येईल असं पहिलं मशीन, सीमेन्सचं नेओटॉम अल्फा, याला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरण नियामकाची, परवानगी मिळाली ३० सप्टेंबर २०२१ ला.

स्लाइसच्या आकड्याने फसू नका

मामेभावाचा पुढचा मुद्दा: "पण ताई, आपल्या तालुक्याच्या सेंटरवर २५६ स्लाइस लिहिलंय, आणि त्या फोटॉनवाल्याच्या माहितीत १४४. मग जास्त कोणतं?"

स्लाइस म्हणजे एका फेऱ्यात मिळणारे काप. पण हा आकडा दुकानाच्या पाटीसारखा झाला आहे. कित्येक '१२८ स्लाइस' मशीनमध्ये डिटेक्टरच्या ओळी ६४च असतात. क्ष-किरणांचा उगमबिंदू मागेपुढे हलवून प्रत्येक ओळीचं वाचन दोनदा घेतात, म्हणून १२८. नेओटॉम अल्फाच्या नेहमीच्या वापरात ०.४ मिमीच्या १४४ ओळी आहेत आणि अतिसूक्ष्म वापरात ०.२ मिमीच्या १२०. आकडा कमी, पण चाळणी बारीक. नेहमीच्या मशीनची चाळणी साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते.

उलट्या दिशेनेही फसगत होते. या मशीनच्या जाहिरातीत हृदयाचा ठोका गोठवणारा वेग सांगतात, ६६ मिलिसेकंद. तो खरा आहे, पण तो फोटॉन मोजण्याचा गुण नाही. मशीनमध्ये दोन ट्यूब आणि दोन डिटेक्टर आहेत, म्हणून तो वेग मिळतो. एका ट्यूबला चित्र पूर्ण करायला अर्धा फेरा लागतो, दोघींना पाव. फेरा पाव सेकंदाचा, म्हणजे हिशेब साधारण तिथेच येतो. त्याच कंपनीचं आधीचं दोन ट्यूबचं मशीन, सोमॅटॉम फोर्स, जुन्याच पद्धतीच्या डिटेक्टरवर हाच वेग देतं. २०२४ च्या अखेरीस त्यांनी एका ट्यूबचं फोटॉन काउंटिंग मॉडेलही जाहीर केलं. त्यात मोजणी नवी, पण पाव सेकंदाच्या फेऱ्यात अर्धा फेरा म्हणजे सुमारे १२५ मिलिसेकंद. ज्याच्या नाडीचा वेग ९० च्या खाली येतच नाही, अशा रुग्णाला कदाचित दोन ट्यूबचं 'जुनं' मशीन एका ट्यूबच्या 'नव्या'पेक्षा बरं पडेल. फोनवर विचारताना "फोटॉन आहे का" एवढंच विचारून थांबू नका. "ट्यूब एक की दोन" हेही विचारा. रिसेप्शनवर उत्तर मिळालं नाही तर तंत्रज्ञाशी बोलायचं आहे म्हणा, ते लोक सांगतात.

हृदय: इथे फरक खरोखर पैसे मोजण्याजोगा आहे

मामांच्या स्टेंटकडे येऊ. स्टेंटच्या जाळीची तार आजकाल ०.०८ मिमीच्या आसपास असते, केसाएवढी. पण धातू आणि कॅल्शियम सीटीत फुगून दिसतात. काचेवर शाईचा थेंब पडून पसरावा तसं. साध्या मशीनवर प्रत्येक बाजूची तार सहज अर्धा मिलिमीटर जागा खाते. अडीच मिमीच्या स्टेंटमधून दोन्ही बाजूंचा एक मिमी वजा केला की उरतो दीड मिमी, म्हणजे स्क्रीनवर जेमतेम तीन ठिपके. तीन ठिपक्यांवरून "आत पुन्हा ब्लॉकेज आहे की नाही" हे सांगणं म्हणजे धुक्यात समोरच्या एसटीची पाटी वाचणं. साडेतीन मिमीच्या स्टेंटमध्ये पाच ठिपके मिळतात, तिथे बऱ्यापैकी बोलता येतं. म्हणूनच नेहमीच्या सीटीसाठी ३ मिमी आणि त्यावरचे स्टेंट तपासावेत अशी शिफारस आहे. त्याखाली सीटीचा नाद सोडून थेट अँजिओग्राफीकडे, म्हणजे नळी घालून धमनी बघण्याकडे, जायची पद्धत पडली.

०.२ मिमीच्या चाळणीने हाच हिशेब बदलतो. फुगवटा उरतो, पण बराच आवळतो. मी पहिल्यांदा अशा प्रतिमेत स्टेंटची जाळी, नुसता पांढरा पट्टा नव्हे, खरीखुरी विणलेली जाळी पाहिली तेव्हा खुर्ची पुढे ओढली होती.

दुसरी जागा कॅल्शियमची. इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका सत्तरीच्या बाईंच्या डाव्या धमनीत कॅल्शियमचा मोठा खडा होता. साध्या मशीनवर खड्याच्या बाजूला रक्ताची वाट दिसतच नव्हती. मी अहवालात 'गंभीर अरुंदपणा' लिहिलं. त्यांची अँजिओग्राफी झाली, आणि अरुंदपणा निघाला चाळीस टक्क्यांच्या आत. बाईंना काही इजा झाली नाही, पण मनगटातून नळी घालणं, एक रात्र ॲडमिट, घरच्यांची धावपळ, सगळं माझ्या एका शब्दापायी. आज ती फाइल समोर आली तर मी 'कॅल्शियममुळे सांगता येत नाही' एवढंच लिहीन. ते खरं उत्तर आहे, पण त्याने बाईंचा प्रश्न सुटला नसता. फोटॉन काउंटिंगवर अशाच रुग्णांचा अरुंदपणा आधीपेक्षा कमी मोजला जातो आणि अहवालातली पायरी खाली येते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. माझ्या मते या मशीनचं सगळ्यात मोठं काम हेच: अनावश्यक अँजिओग्राफी वाचवणं.

तर हृदयासाठी माझी वाटणी अशी. पन्नाशीच्या आतला माणूस, स्टेंट नाही, छातीत अधूनमधून दुखतं आणि डॉक्टरांना 'काही नाही ना' एवढं बघायचंय: जवळचं ६४ किंवा १२८ स्लाइसचं चांगलं मशीन पुरे. नाडी साठच्या आसपास आणायला गोळी देतील, जिभेखाली धमन्या फुलवणारी सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतील, सकाळचा चहा बंद. एवढं नीट केलं तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आधी कॅल्शियम स्कोर, म्हणजे धमन्यांतल्या कॅल्शियमचं मोजमाप, केला आणि तो चारशेच्या वर आला, किंवा स्टेंट ३ मिमीपेक्षा बारीक आहे, किंवा बायपासनंतर बारीक जोड बघायचे आहेत: प्रवास करून जा. आणि दुखणं चार पावलं चालल्यावर येतंय, रोज वाढतंय, बसल्याजागीही यायला लागलंय: कुठल्याच सीटीच्या वाटेला जाऊ नका, आज हृदयरोगतज्ज्ञ गाठा. अशा वेळी "नवीन मशीनची वेळ पुढच्या मंगळवारची आहे" म्हणून थांबणारे लोक मी पाहिले आहेत.

एक बारीक सूचना. कॅल्शियम स्कोर दर काही वर्षांनी पाहायचा असेल तर शक्यतो एकाच मशीनवर पाहा. चाळणी बदलली की आकडाही थोडा हलतो, आणि घरी उगाच "वाढला की कमी झाला" यावर वाद सुरू होतात.

डाय, मूत्रपिंड आणि किरणांचा डोस

हलकी नाणी नीट मोजली की आयोडीन जास्त उजळ दिसतं, हे वर आलंच. त्याचा सरळ फायदा म्हणजे कमी डायमध्ये भागतं. ज्यांचा ईजीएफआर ३० च्या खाली आहे, म्हणजे मूत्रपिंडं बरीच थकलेली आहेत, त्यांच्या बाबतीत प्रत्येक मिलिलिटरचा विचार करावा लागतो. तिथे फोटॉन काउंटिंगला झुकतं माप द्या. मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन नॉर्मल असलेल्या माणसाने मात्र 'डाय कमी लागेल' एवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत.

मात्र आयोडीन वेगळं ओळखण्याचं कसब या नव्या मशीनचीच मक्तेदारी नाही. दोन वेगळ्या ऊर्जांवर प्रतिमा घेणारे ड्युअल एनर्जी सीटी २००५-०६ पासून आहेत: कुणी दोन ट्यूब वेगवेगळ्या व्होल्टेजवर चालवतं, कुणी एकाच ट्यूबचं व्होल्टेज झपाट्याने बदलतं, कुणी डिटेक्टरचेच दोन थर करतं. मुतखडा युरिक ॲसिडचा आहे का, जो औषधाने विरघळू शकतो, की कॅल्शियमचा. सांध्यात गाउटचे खडे आहेत का. ही कामं ड्युअल एनर्जी उत्तम करतं. एवढ्यासाठी फोटॉन शोधत फिरणं म्हणजे भाजी चिरायला तलवार.

फरक पडतो तो 'आधी ठरवलं नव्हतं' अशा वेळी. समजा पोटदुखीसाठी डाय देऊन सीटी केला आणि मूत्रपिंडात दीड सेंटीमीटरची गाठ अचानक दिसली. पाण्याची गाठ आहे, आत घट्ट द्रव आहे, की रक्तपुरवठा असलेली खरी गाठ? बहुतेक मशीनवर ड्युअल एनर्जी आधी निवडलेलं नसेल तर रुग्णाला परत बोलवावं लागतं, पुन्हा डाय, पुन्हा डोस. दोन थरांच्या डिटेक्टरचं मशीन आणि फोटॉन काउंटिंग यांत ऊर्जेची माहिती प्रत्येक स्कॅनमध्ये आपोआप आलेली असते. संगणकावर आयोडीनचा नकाशा काढा, उत्तर तिथेच. तसंच डाय नसल्यासारखी प्रतिमाही गणिताने काढता येते, त्यामुळे काही तपासण्यांतली एक अख्खी फेरी वाचते.

डोसबद्दल लोकांच्या मनात फार भीती आहे, करोनाकाळात तर घराघरात 'एचआरसीटी स्कोर पंचवीसपैकी किती' विचारत होते आणि त्याच दमात 'सीटीने कॅन्सर होतो का' हेही. निसर्गातून जगभरातल्या माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) मिळतात. छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण पाच-सहा, कमी डोसच्या छातीच्या सीटीत दीडच्या आत. फोटॉन काउंटिंग त्याच दर्जाची प्रतिमा कमी डोसमध्ये देऊ शकतं. पण 'देऊ शकतं' आणि 'तुम्हाला दिली' यात एक तंत्रज्ञ बसलेला असतो. प्रोटोकॉल नीट न बसवलेलं नवं मशीन, नीट बसवलेल्या जुन्यापेक्षा जास्त डोस देऊन मोकळं होईल. आणि सगळ्यात बारीक चाळणी हवी असेल तर किरणंही मुबलक लागतात. ०.६ च्या ठिकाणी ०.२ मिमीचा घन घेतला तर त्याचं आकारमान सत्ताविसाव्या हिश्शावर येतं, त्यात पडणारे फोटॉनही तेवढेच कमी. सर्वात सूक्ष्म आणि सर्वात कमी डोस ही दोन्ही वाक्यं एकाच स्कॅनबद्दल कुणी सांगत असेल तर जरा थांबून पुन्हा विचारा.

लहान मुलं आणि जन्मजात हृदयदोष हा अपवाद मी मोकळ्या मनाने मान्य करते. तिथे डोस कमी, धमन्या बारीक, आणि दोन ट्यूबच्या वेगामुळे बरेचदा भूल न देता काम होतं. नवजात बाळासाठी असं मशीन असलेल्या बालहृदयरोग विभागात जायची संधी असेल तर सोडू नका.

कान, फुफ्फुस, हाडं

कानातली रिकीब, हातोडा-ऐरण-रिकीब यातली शेवटची, शरीरातलं सर्वात लहान हाड. जेमतेम तीन मिमी उंच. साध्या मशीनवर तिचे दोन पाय दिसले तरी आम्ही खूश होतो; पायाखालची पट्टी पाव मिमीची, तिच्याबद्दल अंदाजच. ऐकू कमी येण्याचं कारण तिथेच असेल, किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचे, म्हणजे कानात आत बसवलेल्या श्रवणयंत्राचे, एकेक इलेक्ट्रोड कुठे बसलेत हे बघायचं असेल, तर फोटॉन काउंटिंग एका वेगळ्या इयत्तेत आहे. जुन्या पद्धतीच्याच डिटेक्टरचं, पण पाव मिमी चाळणीचं एक कॅनन मशीनही आहे. ते जवळ असेल तर त्यावरही बरंच काम होतं.

फुफ्फुसात आयएलडी, म्हणजे जाळं धरत जाणारं आणि घट्ट होत जाणारं फुफ्फुस, याची सुरुवात ओळखायला बारीक प्रतिमा उपयोगी पडते. टीबीनंतरचे डाग, न्यूमोनिया, पाणी यांसाठी नाही. मल्टिपल मायलोमात, म्हणजे अस्थिमज्जेच्या एका कर्करोगात, अख्ख्या अंगाची हाडं कमी डोसमध्ये बघायची असतात, तिथे बारीक छिद्रं लवकर सापडतात. खुब्याची कृत्रिम वाटी बसवलेल्यांमध्ये धातूमुळे येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या रेघोट्या कमी होतात, पण चांगलं ड्युअल एनर्जीसुद्धा हे काम बऱ्यापैकी निभावतं.

जिथे काहीच फरक पडत नाही

डोक्याला मार लागलाय. लकवा आलाय, आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचंय. अपेंडिक्सची शंका. मुतखडा कुठे अडकलाय. सायनस. अपघातात बरगड्या मोडल्यात का. या सगळ्याला जवळचं, चालू असलेलं, रात्रीही तंत्रज्ञ हजर असलेलं १६ स्लाइसचं मशीनसुद्धा पुरतं. लकव्यात तर शहराकडे निघालेली गाडी हीच चूक ठरू शकते. गुडघ्याची गादी, मणक्यातली नस, मेंदूतली बारीक गाठ, हे एमआरआयचं काम. सीटी कितीही नवा असो.

आणि कुठलंही मशीन असो, वाचणारा माणूस महत्त्वाचा. हृदयाचे सीटी वर्षाला पाच वाचणाऱ्याकडच्या फोटॉनपेक्षा, रोज पाच वाचणाऱ्याकडचं साधं मशीन मी माझ्या आईसाठी निवडीन. हे रेडिओलॉजिस्टने म्हणणं आत्मप्रौढी वाटेल, वाटू द्या.

सेंटर काढणाऱ्या मित्रांसाठी

गेल्या महिन्यात दोन डॉक्टर मित्रांनी विचारलं, कर्ज काढून घेऊ का. मी विचारलं, तुमच्याकडे महिन्याला हृदयाचे किती येतात, त्यात स्टेंटवाले किती? एकाने आकडा सांगितला, दुसरा हसला. हसला त्याला मी नको म्हटलं.

मशीनची किंमत साध्या १२८ च्या कित्येक पट असते, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचा खर्च कुणी मोजत नाही. एक गणित करू. छातीची उंची ३० सेंमी. साध्या मशीनवर एक मिमीने कापली तर ३०० प्रतिमा, प्रत्येकी सुमारे अर्धा एमबी, एकूण दीडशे एमबी. ०.२ ने आणि दुप्पट बारीक मॅट्रिक्सवर, म्हणजे ठिपक्यांच्या जाळीवर, कापली तर १,५०० प्रतिमा, प्रत्येकी दोन एमबी, म्हणजे तीन जीबी. वीसपट. तुमचा सर्व्हर, नेटवर्क, घरून वाचणाऱ्या डॉक्टरची इंटरनेट लाइन, हे सगळं वीसपटीला तयार आहे का? वाचायलाही वेळ जास्त लागतो, आणि रेडिओलॉजिस्टला दर अहवाली पैसे देत असाल तर त्याच्याशी आधीच बोलून घ्या. एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, आराखड्याला मंजुरी आणि चालवण्याचा परवाना कुठल्याही सीटीला लागतो, त्यात नवं-जुनं नाही. वार्षिक देखभालीच्या करारात डिटेक्टर आणि ट्यूब दोन्ही आहेत का, हे मात्र ओळ न ओळ वाचा.

शिवाय बाजार अजून स्थिरावलेला नाही. कॅननने २०२१ मध्ये कॅनडातली रेडलेन ही स्फटिक बनवणारी कंपनी घेतली. जीईने त्याआधीच्या वर्षी स्वीडनच्या प्रिझमॅटिक सेन्सर्सची वाट धरली. त्यांचा डिटेक्टर कॅडमियमचा नाही, सिलिकॉनचा. सिलिकॉन हलकं, किरण थांबवायला दुबळं, म्हणून त्याच्या पट्ट्या किरणांकडे कड करून उभ्या लावतात, म्हणजे आत जायला लांब वाट मिळते. सॅमसंगच्या न्यूरोलॉजिकाने तर डोक्यापुरतं, चाकांवर हलणारं फोटॉन काउंटिंग यंत्र आणलं, त्याला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. स्पर्धा वाढली की दर उतरतील. मोठ्या हृदयरोग केंद्राने थांबायचं कारण नाही. तालुक्याच्या सेंटरने आजच उडी मारायचं कारण नाही. त्याच पैशात चांगलं दोन थरांचं किंवा दोन ट्यूबचं मशीन, हृदयाचा प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि रात्रीची पाळी एवढं बसतं का ते बघा. प्रतिमा चांगली येते याचे पुरावे ढीगभर आहेत. प्रतिमा चांगली आली म्हणून माणूस जास्त जगतो, हे दाखवणारं काम अजून बरंच व्हायचं आहे.

रुग्णांना एक व्यावहारिक गोष्ट. फिल्मवर विसंबू नका. एका फिल्मवर वीस चित्रं मावतात, पंधराशेतली उरलेली कुठे जातात? प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीतली फिल्म नातेवाइकांना दाखवायला ठीक, पण "पातळ कापांचा पूर्ण डायकॉम डेटा पेन ड्राइव्हवर द्या" असं स्पष्ट सांगा; डायकॉम म्हणजे मशीनमधल्या मूळ प्रतिमांची फाइल. नाहीतर दुप्पट पैसे देऊन घेतलेली ०.२ मिमीची बारकाई त्यांच्या सर्व्हरवर काही आठवड्यांनी पुसली जाते आणि तुमच्या हातात उरतात ३ मिमीचे जाड काप.

मामांची फाइल दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, लग्नाच्या पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. भावाने स्टिकरचा फोटो पाठवला. दोन स्टेंट होते. एक ३.५ × २८, मोठ्या धमनीत. तो तर गावातही नीट दिसला असता. दुसरा तिच्या फांदीत, २.५ × १६. कार्डिओलॉजिस्टच्या चिठ्ठीवर नेमकी त्या फांदीचीच शंका लिहिली होती. क्रिएटिनिन १.१, नाडी ७२, दुखणं फक्त जिना चढल्यावर आणि दोन महिन्यांत न वाढलेलं.

"गावातली वेळ रद्द कर," मी म्हटलं. "आणि तिकडे फोन करून विचार, ट्यूब किती."

त्याने विचारलं. दोन होत्या. गुरुवारची सकाळची गाडी पकडून ते दोघं निघाले, मामींनी चहा बंद म्हणून थर्मासमध्ये नुसतं गरम पाणी दिलं, आणि मामा त्याच्यावरून गाडीत पूर्ण रस्ताभर कुरकुरले.